वारा पडला की

जाऊ, वारा पडला की.
सप्टेंबरच्या अखेरीस, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.
त्याआधी नाही. त्याआधी सोकोत्रावर
शेळीसुद्धा खडकाला अंग लावून उभी राहते
आणि समुद्र कुणाचंच ऐकून घेत नाही.

अबुधाबीहून विमान आहे, पण रोज नाही.
एजंट म्हणाला पैसे दोन हप्त्यांत चालतील,
संध्याकाळी म्हणाला, नाही चालणार.
दुसरी वाट सलालाहून, लाकडी गलबताची:
सिमेंटच्या गोण्यांवर झोपायचं, दोन रात्री, नशीब फिरलं तर पाच.
माझा बाप तसाच अजमानला आला होता,
उलट्या दिशेनं, तुपाच्या डब्यांना टेकून.
मैथा विचारते, त्यांना तुपाचा वास यायचा?
त्यांच्या पेटीला अजून येतो, म्हटलं.
ती उठली, पेटी हुंगून आली,
आणि काहीच बोलली नाही.

सलूमा आत्याचे निरोप फोनवर साठलेत.
खोकल्याचं औषध. इंजिनाचे प्लग, यामाहाचेच.
कुकरची रिंग. गोधडीच्या सुया, जाड.
चष्मा, अडीच नंबरचा.
तिला वाचता येत नाही, चष्मा काट्यांसाठी आहे,
करडांच्या पायात मोडलेल्या.
प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती थांबते,
मागे कुणीतरी ओरडतं, मग तीच ओरडते,
आणि निरोप तिथेच तुटतो.

तिसऱ्या दिवशी होकची गुहा.
थानी नेईल. चढ दोन तासांचा, मैथासोबत तीन.
आत, खूप आत, जिथे उजेड पोचत नाही,
तिथे नावं आहेत.
दोन हजार वर्षांपूर्वी वारा पडायची वाट बघत
अडकून पडलेल्या खलाशांनी लिहिलेली,
चिखलानं, कोळशानं, टोकदार दगडानं.
ग्रीक आले, हबशी आले, पल्मीराचा एक जण
लाकडाच्या फळीवर नवस लिहून गेला.
सगळ्यांत जास्त हिंदी खलाशांची.
बर्फाच्या कारखान्यातला आमचा हिशेबनीस
इम्तियाज पटेल, भरूचचा. त्याला फोटो दाखवला.
त्यानं मोबाइल आडवा धरला, उभा धरला,
एक अक्षर लागेना त्याला.
म्हणाला, हा माणूस माझ्या गावचा असेल
तर याचे पैसे कुणाकडे तरी राहिलेत नक्की.

मैथानं सगळे फोटो पाहिले. मग विचारलं,
यात आपलं कुठलं?

आपलं नाही, बाळ. आपल्या बोलीला अक्षर नव्हतं.
आपण बोललो, शेळ्यांना हाका मारल्या,
कवनं रचली, ती तोंडातच जुनी झाली.
ज्यानं त्यानं येऊन नाव लिहिलं, निघून गेला.
आपण राहिलो, म्हणून लिहिलं नाही.
असं मी सांगितलं, आणि मलाच ते
पाहुण्यांना सांगायच्या वाक्यासारखं वाटलं.

ती बराच वेळ गप्प. एसीचं पाणी
बादलीत पडत होतं, थेंब, मग थेंब.
गुहेतही छतातून असंच गळतं,
खाली मातीची भांडी मांडलेली सापडली.
कुणी ठेवली, कुणाला माहीत.

मग ती म्हणाली, पण बाबा,
आत तर काळोख होता ना.
ते लिहीत असताना
मशाल कोणी धरली होती?

मी यादी पुढे ओढली.
यामाहाच्या खाली लिहिलं: टॉर्च, दोन.
सेल, जास्तीचे.
ती म्हणाली, एक मी धरणार.
धर, म्हटलं. पण हात हलवू नकोस.

रात्री सलूमा आत्याचा नवा निरोप:
वारा अजून आहे. पत्रा उडाला न्हाणीघराचा.
चष्मा विसरू नको, आणि